बसकराचं कलम दोन

५ मार्च २०१८, सोमवार

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची जानेवारीत सुरू केली होती, ती पेनमधली शाई संपल्यामुळे बंद पडली. माझा दोष नव्हता.

मोठी बातमी. काउंटीच्या नव्या बसकराच्या व्याख्या लिहिण्यासाठी माझी निवड झाली. बिनविरोध. बसकर समितीच्या बैठकीत बसखात्याची मॅनेजर ग्लेंडा पुल्फर हिने विचारलं, कायद्याचं कलम दोन, म्हणजे व्याख्या, कोण लिहिणार? सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघायला लागले. माझ्या आधी पुढे यायचं नाही म्हणून. मी हात वर केला. ग्लेंडा म्हणाली, ऑरिन, नक्की ना? फार रटाळ काम आहे हो. मी म्हटलं, ग्लेंडा, मी उभा जन्म विम्याचे दावे तपासण्यात घालवला आहे. ‘पूर’ आणि ‘पाणी तुंबणे’ यांतला फरक सांगून मी धडधाकट माणसं रडवली आहेत. त्यावर तिने लगेच माझं नाव लिहून टाकलं. प्रभाव पडला असावा.

प्रकरण साधं आहे. आमच्या केटल फोर्क काउंटीत बसगाड्या तीन. ओरेगन राज्याकडून येणारा पैसा आटला. म्हणून नवा कर: जो कोणी माणसं कामावर ठेवतो त्याने त्यांच्या पगारावर चिमूटभर कर स्वतःच्या खिशातून भरायचा, त्यावर बस चालवायची. नोव्हेंबरात मतदान. कर नामंजूर झाला तर सगळ्यात आधी बंद होणार चार नंबरची बस. म्हणजे आमच्या अल्डर रन रस्त्यावरची. म्हणजे नोरीनची.

नोरीन, माझी बायको. दोन वर्षांपूर्वी तिला नजरेच्या मधोमध धूसर दिसायला लागलं आणि तिने आपणहून गाडीची किल्ली खुंटीला लावली. तेव्हापासून मंगळवारी चर्चमधलं गाणं, गुरुवारी वाचनालय, शुक्रवारी मैत्रिणींबरोबर कॉफी, सगळं बसने. मी कितीदा म्हटलं, मी सोडतो ना. नको म्हणते. मला त्रास होऊ नये म्हणून. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

संकल्प: रोज सकाळी दोन तास व्याख्या. साखर बंद. नोरीनची बस वाचवणे.

८ मार्च, गुरुवार

‘व्यक्ती’ या शब्दाची व्याख्या पूर्ण. दीड पान. माणूस, त्याचा वारस, कंपनी, भागीदारी, चर्च, आणि खबरदारी म्हणून ‘इतर कोणीही’. नोरीनला बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून मोठ्याने वाचून दाखवली. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, यात आपली मांजर येते का रे? मी म्हटलं, हा थट्टेचा विषय नाही.

नंतर तपासलं. येते. उद्या दुरुस्ती.

साखर: उद्यापासून.

२० मार्च, मंगळवार

डेल ऑस्टरग्रेनला आज चारी मुंड्या चीत केलं.

डेल समितीवर आहे, पण कराच्या विरोधात. आमच्याच रस्त्याच्या टोकाला त्याची ख्रिसमसच्या झाडांची शेती. नोव्हेंबर आला की झाडं तोडायला माणसांची फौज ठेवतो. दाराशी ‘कर नको’ अशी पाटी लावली आहे, गॅरेजच्या दाराएवढी. आज म्हणतो, ती कामगार माणसं नाहीतच, सगळे माझे भाचे आहेत. घरच्या माणसांवर कसला कर? मी म्हटलं, डेल, तुला एकच बहीण आहे आणि ती नन आहे. तो म्हणाला, मन फार मोठं आहे रे तिचं.

घरी येऊन तत्काळ लिहिलं: ‘कामावर ठेवणारा म्हणजे जी व्यक्ती मोबदला देऊन दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीकडून काम करवून घेते ती, मग त्या दोघांचं नातं कोणतंही असो.’ पळवाट बंद. नोरीनला तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, पाठ झालं माझं.

३ एप्रिल, मंगळवार

ग्लेंडाने फोनवर सहज विचारलं, ऑरिन, तुम्ही आमच्या बसने कधी गेला आहात का? मी म्हटलं, न्यायाधीश चोरी करत नाही म्हणून त्याला चोरीतलं कळत नाही असं नसतं. तरी तिच्या समाधानासाठी या आठवड्यात बसने जायचं ठरवलं आहे. परिषदेत असावा तसा टाय बांधून. लोकांनाही दिसेल.

५ एप्रिल, गुरुवार

फाटकाशी उभा राहिलो. टाय, फाइल, छत्री. बस आली. बस गेली. थांबली नाही.

(नोरीन आज सर्दीमुळे घरीच. नाहीतर साक्षीदार मिळाला असता.)

१० एप्रिल, मंगळवार

पुन्हा तेच. (नोरीनची सर्दी अजून आहे.) ड्रायव्हर रोशेलने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. बस गेली. बेपर्वाईची हद्द आहे. मी दावे तपासत होतो तेव्हा अशा नजरेवरून माणूस ओळखायचो.

१२ एप्रिल, गुरुवार

नोरीनने बसमधून बातमी आणली. रोशेल तिला म्हणाली म्हणे, ताई, तुमचे यजमान रोज सकाळी टाय लावून रस्त्याकडेला उभे असतात आणि बसकडे डोळे वटारून बघतात. मला वाटलं समितीसाठी गाड्या मोजतायत, म्हणून मी वेळेत पुढे काढते.

नोरीनचं म्हणणं, आपल्या रस्त्यावर थांब्याचे खांब नाहीत. जिथे उभं असू तिथून हात करायचा, बस थांबते. हात केला नाहीस तर तिला काय स्वप्न पडणार आहे? तिला हे सांगताना इतकं हसू येत होतं की दोनदा चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

हात करायचा! टाय घातलेल्या माणसाने! भर रस्त्यात, कोंबड्या हाकल्यासारखं! सार्वजनिक सेवा अशी हातवाऱ्यांवर चालू शकत नाही. ‘थांबा’ या शब्दाची व्याख्या झालीच पाहिजे.

१७ एप्रिल, मंगळवार

डेल घरी आला. घरी धुरी देऊन केलेला सामन मासा घेऊन. माझ्या कामाची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचलेली दिसते. बोलता बोलता म्हणाला, ऑरिन, तू न्यायी माणूस आहेस. ज्याच्या दाराशी बसचा थांबाच नाही त्याने कर का द्यावा, एवढं सांग. मी म्हटलं, मी हाच मुद्दा मांडणार होतो. (मांडणार होतोच. मासा खाऊन झाल्यावर सुचलं असतं.)

रात्रीच्या जेवणाआधी दोन व्याख्या एका दमात उतरल्या:

‘थांबा म्हणजे जिथे खात्याने खांब रोवून त्यावर पाटी लावली आहे अशीच जागा.’

‘सेवाक्षेत्र म्हणजे थांब्यापासून पाव मैलाच्या आतला प्रदेश. कर फक्त सेवाक्षेत्रात. बस फक्त सेवाक्षेत्रात.’

शिवाय उद्या कोणीही उठून मनमानी खांब रोवू नये, म्हणून कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षं नवा खांब नाही. कुलूप म्हणजे कुलूप.

डेल उठून उभा राहिला. माझा हात हातात घेतला. म्हणाला, ऑरिन, तू मला जिंकलंस, आता मी कराच्या बाजूने. जाता जाता दाराशी थांबून पुन्हा हसला. कट्टर विरोधकाचं नुसत्या भाषेच्या जोरावर मतपरिवर्तन! असं काउंटीच्या इतिहासात झालं नसेल.

१८ एप्रिल, बुधवार

नोरीनला वाचून दाखवलं. ती विणकाम ठेवून म्हणाली, मग आपला थांबा? मी म्हटलं, आपल्याला थांबा कशाला हवा? बस आपल्या दारावरूनच तर जाते. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मधोमध धूसर दिसत असल्यामुळे ती हल्ली जरा कडेने बघते, पण आज सरळ बघत होती. मग म्हणाली, ऑरिन, एकदा नकाशा काढून बघ ना. मी म्हटलं, ही काउंटी मला तळहातासारखी पाठ आहे.

तळहात पाठ असतो का, असं तिने विचारलं. विषय सोडून दिला.

मग तिने एक छोटी सूचना केली. चर्चच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून काही करून आणायच्या जेवणाला, जो आपलं भांडं घेऊन येतो त्याला पंगतीत बसू देतात, मग तो कुठल्या का गावचा असेना. तसं बाहेरच्या कोणी आपणहून कर भरायची तयारी दाखवली तर त्याचा रस्ता सेवाक्षेत्रात धरावा, आणि खांब नसला तरी बसने तिथे जावं. घरगुती डोकं आहे, पण मी तिचं मन राखलं. पोटकलम सात म्हणून घातलं. असा मूर्ख कोण निघणार?

९ मे, बुधवार

जाहीर सभा, टेकडीवरच्या शेतकरी हॉलमध्ये. विषय: बस. हॉलवर बस जात नाही, म्हणून सगळे पिकअप घेऊन आले. पार्किंगला जागा उरली नाही इतका उत्साह.

नोरीन माझ्याबरोबर गाडीने आली. सगळ्या वाटेत तिने दाराचा दांडा घट्ट धरला होता आणि डोळे मिटले होते. माझ्या शेजारी बसलं की तिला अशी निवांत झोप लागते. वळणावर एक पत्रपेटी आडवी आली. या रस्त्यावरच्या पत्रपेट्या फार पुढे रोवल्या आहेत. संबंधितांना पत्र लिहिणार आहे. (पेटी दुरुस्त झाल्यावर.)

ग्लेंडाने मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाली, ऑरिन, तुमच्या सेवाक्षेत्राच्या व्याख्येने अल्डर रन बाहेर पडतो, ठाऊक आहे ना? मी तिला समजावलं की व्याख्या समग्रपणे वाचायची असते. तिने सुस्कारा सोडला. म्हणाली, डेल विरोधात उतरला तर कर पडतो आणि तिन्ही बस जातात. तो बाजूने असेल तर अडीच तरी वाचतील. जाऊ द्या, तसंच ठेवते.

म्हणजे तिलाही पटलं.

समितीने कलम दोन मंजूर केलं. डेलने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

११ ऑगस्ट, शनिवार

तीन महिन्यांचा खंड. कारण: उन्हाळा.

ब्लॅकबेरी उदंड. नोरीन पाटीवर पाटी तोडून आणते. फ्रीझर ठासून भरला. दर वर्षी तिचा जॅम चर्चच्या बाजारात हातोहात खपतो. लोक तिला म्हणतात, नोरीन, धंदा काढ. ती म्हणते, बघू. माझं मत: धंद्याला कायदेशीर डोकं लागतं.

साखर: जॅममध्ये धरायची की नाही याची व्याख्या व्हायला हवी.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

टपालाने मतपत्रिका आल्या. नोरीनची मी वाचून दाखवली. बसकराच्या प्रश्नावर आल्यावर तिने पेन्सिल मागितली आणि गोल चाचपून स्वतः भरला. कशावर भरलास ते विचारलं नाही. भरल्यावर तिने पेन्सिल बराच वेळ खाली ठेवली नाही, एवढं पाहिलं.

डेलच्या दारावरची ‘कर नको’ पाटी गेली. ‘बस हवी’ लावली आहे.

६ नोव्हेंबर, मंगळवार

मंजूर! थोडक्या मतांनी, पण मंजूर. डेलने फोन केला. मागे भाच्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. म्हणाला, ऑरिन, तू नसतास तर माझं काय झालं असतं? भरून आलं.

नोरीनने मला मिठी मारली. कितीतरी दिवसांनी. मग म्हणाली, आता नकाशा कधी निघणार?

१२ डिसेंबर, बुधवार

नकाशा निघाला.

चार नंबरची बस नवीन वर्षापासून लाकूड-गिरणीच्या वळणापर्यंतच. तिथे शेवटचा खांब आहे. तिथून पुढे अल्डर रन रस्ता पांढरा, म्हणजे सेवाक्षेत्राबाहेर. त्यात डेलची शेती. त्यात आम्ही.

आधी वाटलं छापखान्याची चूक. ग्लेंडाला फोन केला. म्हटलं, एक खांब रोवून टाका. ती म्हणाली, ऑरिन, दोन वर्षं नवा खांब नाही. तुम्हीच लिहिलंत. मी म्हटलं, अपवाद? ती म्हणाली, ‘कोणत्याही परिस्थितीत’ असं दोनदा लिहिलंत. मी नको म्हणाले होते.

नोरीनने नकाशा नाकाजवळ धरून कडेने पाहिला. घडी घालून टेबलावर ठेवला. भांडी घासायला गेली. धुतलेलीच भांडी.

मी मागे जाऊन म्हटलं, काळजी कशाची? मी आहे ना. खरं लिहायचं तर (ही रोजनिशी कोणी वाचणार नाही) मला आतून जरा आनंदच झाला. जवळजवळ तीन वर्षं ती मंगळवारी, गुरुवारी, शुक्रवारी फाटकातून बाहेर पडते आणि घर ओकंबोकं होतं. आता शेजारी बसेल. पूर्वीसारखी.

१ जानेवारी २०१९, मंगळवार

संकल्प: नोरीनला ती म्हणेल तिथे, म्हणेल तेव्हा नेणे-आणणे. कुरकुर नाही. गाडीत खास तिच्यासाठी उशी ठेवली आहे.

८ जानेवारी, मंगळवार

पहिली फेरी. बसला लागतो त्याच्या निम्म्या वेळात पोचवलं. नोरीन उतरल्यावर थोडा वेळ गाडीला टेकून उभी राहिली. हवा छान होती.

गाण्याच्या तालमीला मीही आत बसलो. गाडीत एकटं बसून काय करणार? तिसऱ्या रांगेत. शब्द ओळखीचे निघाले, म्हणून खालच्या सुरात साथ दिली. गाणं बसवणारे गृहस्थ फार सभ्य. दोनदा थांबून माझ्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन विचारलं, तुमच्या गाडीत हीटर आहे ना? मी म्हटलं, उत्तम आहे. ते म्हणाले, वा, मग तिथे तुम्हाला जास्त ऊब मिळेल.

माझ्या तब्येतीची इतकी काळजी परक्याने करावी! येताना नोरीनला हे सांगितलं. तिने डोळे मिटलेलेच होते.

११ जानेवारी, शुक्रवार

कॉफी. नोरीन आणि तिच्या तीन मैत्रिणी. मी खुर्ची ओढून बसलो तेव्हा कुणाच्या तरी मुलीच्या घटस्फोटाविषयी चाललं होतं. सगळ्या आपापली कॉफी ढवळायला लागल्या. अवघडलेपण नको म्हणून मी ‘मोबदला’ या शब्दाची व्याख्या समजावून सांगितली, उदाहरणांसह. सगळ्यांना एकदम कामं आठवली. एरवी या बायका दुपार तिथेच काढतात म्हणे. मी नोरीनला म्हटलं, बघ, किती वेळ वाचला.

ती म्हणाली, हो रे. आता वेळच वेळ आहे.

१५ जानेवारी, मंगळवार

नोरीन म्हणाली, आज गाण्याला जायचं नाही. घसा दुखतो. मला तरी आवाज नेहमीसारखाच वाटला.

१७ जानेवारी, गुरुवार

वाचनालयालाही नको म्हणाली. दिवसभर खिडकीशी. तिला खिडकीतून रस्ता नीट दिसतही नाही. मी जवळ बसून वर्तमानपत्र वाचून दाखवलं. मध्येच म्हणाली, ऑरिन, जरा गप्प बसशील? गेल्या चव्वेचाळीस वर्षांत हे वाक्य तिने पुष्कळदा हसून म्हटलं आहे. आज हसली नाही.

मला हवं होतं ते हे नव्हतं.

१८ जानेवारी, शुक्रवार

सकाळी उठलो तर नोरीन घरात नाही. कोट नाही. खुंटीवरची पांढरी काठी नाही. बाहेर धुकं इतकं की फाटक दिसेना.

गाडी काढली. गिरणीच्या वाटेवर अर्ध्यात सापडली. रस्त्याच्या कडेने काठी टेकत, न चुकता, लाकडाच्या ट्रकांच्या रस्त्याने. मी घाबरलो. काच खाली करून म्हटलं, नोरीन, वेडी आहेस का? बस गाडीत. तिने मान हलवली आणि चालत राहिली. मी सगळे दिवे लावून तिच्या मागे बैलगाडीच्या वेगाने. मागून ट्रक आला, त्याने भोंगा वाजवला, मी खाली उतरून त्याला शिव्या दिल्या.

वळणावर खांबापाशी ती उभी राहिली. मीही गाडीतून उतरून शेजारी उभा राहिलो. बस आली. रोशेल म्हणाली, अगं बाई, ताई, एवढ्या धुक्यात? दार लागलं. मी बसच्या मागोमाग गावापर्यंत गेलो. कॉफीच्या दुकानात ती शिरेपर्यंत थांबलो. आत गेलो नाही.

संध्याकाळी आपणहून म्हणाली, ऑरिन, ते कलम दोन पुन्हा एकदा वाचून दाखव ना. सगळं. मी वाचलं. माझ्या आवाजात आज तितकी धार नव्हती. पोटकलम सात तिने दोनदा वाचायला लावलं. मग ‘नातं कोणतंही असो’ तेही. म्हणाली, लिहिलंयस मात्र पक्कं.

दिवसातली एवढी एकच चांगली गोष्ट.

२४ जानेवारी, गुरुवार

ग्लेंडा घरी. स्वयंपाकघरात नोरीनबरोबर दार लावून बसली. मला वाटलं माझ्या सत्काराचं चाललं आहे. आत बोलावलं.

बातमी अशी. ‘नोरीनचा जॅम’ या नावाने धंद्याची नोंदणी झाली. धंद्यात एक माणूस पगारावर ठेवला आहे. धंदा सेवाक्षेत्राबाहेर असूनही मालकीणबाईंनी आपणहून बसकर भरायची तयारी दाखवली आहे. पोटकलम सात. म्हणून अल्डर रन रस्ता सेवाक्षेत्रात, म्हणून बस पुन्हा दारापर्यंत.

मी म्हटलं, शाबास! मी लिहिलेल्या पोटकलमाचा केवढा हा विजय! आणि कामावर कोणाला ठेवलंस?

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

मी म्हटलं, नवरा कामगार कसा होईल? ग्लेंडा म्हणाली, ऑरिन, ‘त्या दोघांचं नातं कोणतंही असो.’ मी म्हटलं, हे डेलसाठी लिहिलं होतं. ती म्हणाली, रस्ता सेवाक्षेत्रात आला ना, आता डेललाही लागू होईल. भाच्यांसकट.

संध्याकाळी फोन खणखणला. डेल होता. फोनवरून सामन माशाचा उल्लेख निघाला. मी फोन कानापासून लांब धरला.

२८ जानेवारी, सोमवार

पदाबाबत चर्चा. मी ‘कायदेविषयक सल्लागार’ सुचवलं. नोरीनने ‘बरण्या’ सुचवलं. सध्या ‘बरण्या’वर तडजोड झाली आहे.

अटी तिने तोंडी सांगितल्या: बरण्या धुणं, पुसणं, झाकणं जोडीने लावणं. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात लिहिणं. कामाच्या दिवशी मालकीणबाईंना गाडीतून नेण्याची सक्ती नाही, परवानगीही नाही. पहिले सहा महिने उमेदवारीचे. मी म्हटलं, उमेदवारी? इतक्या वर्षांनंतर? ती म्हणाली, ‘उमेदवारीच्या काळात कारण न देता काढता येईल’ हे कुणाचं वाक्य? व्याख्या क्रमांक अकरा. माझंच.

सगळं हंगामी आहे. उन्हाळ्यापर्यंत बढती मिळेल असं दिसतं.

५ फेब्रुवारी, मंगळवार

आज बस दारात आली.

नोरीन तयार होऊन फाटकाशी गेली तेव्हा मी मागोमाग गेलो. निळा स्कार्फ, गाण्याची वही, काठी. गाल लाल झाले होते. इतकी तरुण ती मला बऱ्याच दिवसांत दिसली नव्हती. लांबून इंजिनाचा आवाज आला तसं मी म्हटलं, नोरीन, एवढा खटाटोप कशाला गं केलास? तू सांगायचं होतंस. मी तुला कुठेही नेलं असतं.

ती म्हणाली, नेलं असतंस रे. माहीत आहे मला. पण मला जायचं होतं.

माझी कॉलर सरळ केली आणि बसमध्ये चढली. आत कुणीतरी काही म्हणालं आणि ती खळखळून हसली, ते बस सुटल्यावरही ऐकू येत होतं.

तिचं ‘मला जायचं होतं’ कोणत्याही व्याख्येत बसेना. आत आलो, बाह्या सरसावल्या. ती दुपारच्या बसने येईल. बरण्या मघाशीच धुऊन झाल्या. पुन्हा धुवायला घेतल्या आहेत.